पाणी कितव्या पायरीपर्यंत?

नृसिंहवाडीत पावसाळ्यात कृष्णेकडे डोळे लावून बसणारे लोक दोन तऱ्हेचे. एक भाविक. नदीचे पाणी दत्त मंदिराच्या उत्तर दाराने आत शिरले, पादुकांवरून वाहत गेले आणि दक्षिण दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा झाला; त्या पाण्यात स्नान करायला कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून लोक गाड्या काढून येतात. पाणी वाढताना होतो तो चढता सोहळा, ओसरताना होतो तो उतरता. दुसरे म्हणजे वाडीतले रहिवासी, पेढे-बासुंदी आणि कवठाची बर्फी विकणारे दुकानदार, यात्रेकरूंना खोल्या देणारे. सोहळ्याचा आनंद त्यांनाही असतो. पण त्यानंतर पाणी थांबते की आणखी चढते, हा त्यांचा खरा प्रश्न. गाभाऱ्यात तीर्थ असलेले तेच पाणी आणखी काही फूट चढले की दुकानाच्या फळ्यांना लागते, आणि मग उत्सवमूर्तीबरोबर माणसांनाही मुक्काम हलवावा लागतो.

शिरोळ तालुक्याच्या पूरपट्ट्यात, म्हणजे कुरुंदवाडपासून औरवाड, आलास, अकिवाट, राजापूर, खिद्रापूरपर्यंत कुठेही ‘पाणी कुठवर आलं होतं?’ असे विचारले तर उत्तर पायऱ्यांत येते, कोनाड्यात येते, खिडकीच्या गजांत येते. २००५ ला उंबऱ्याला टेकले, २०१९ ला कुठे पोचले, २०२१ ला त्याहून किती बोटे खाली किंवा वर, हे घरातल्या म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असते. यंदाच्या अंकाला ‘घर’ हा विषय ठरला तेव्हा या तोंडपाठ ज्ञानाचे पुढे काय होते, हे पाहण्यासारखे वाटले. तर काहीही होत नाही. ते ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नसते, मिळकत पत्रिकेवर नसते, बँकेच्या मूल्यांकनात क्वचित असते आणि विमा कंपनीच्या अर्जात तर जवळपास नसतेच. पुराचा धोका आपण गावाच्या किंवा तालुक्याच्या नावाने मोजतो आणि मदतही त्याच नावाने वाटतो. नुकसान मात्र एकेका घराचे, त्याच्या जोत्याच्या उंचीप्रमाणे होते. या तफावतीत घरमालक सापडला आहे, आणि ती भरून काढायला आज हाताशी असलेले एक साधन, म्हणजे घराचा विमा, त्याने अजून नीट पारखूनही पाहिलेले नाही.

नदी चढते, पण उतरत नाही

शिरोळ तालुका चार नद्यांच्या बेचक्यात आहे. उत्तर शिवेवर वारणा, मधून पंचगंगा, वळणे घेत पूर्वेकडे जाणारी कृष्णा आणि दक्षिणेला दूधगंगा. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते, पंचगंगा नृसिंहवाडीला, आणि दूधगंगा आणखी खाली. या नद्यांचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर पडते, गगनबावडा, राधानगरी, चांदोली, कोयना या भागांत. तिथला पाऊस शिरोळच्या सपाटीवर पोचायला वेळ लागतो. त्यामुळे शिरोळात स्वच्छ ऊन पडले आहे आणि गावात पाणी शिरते आहे, असे दृश्य इथे नवलाचे नाही. नदीचा उतार मंद. त्यातच कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेला तिच्यात उतरायला वाव राहत नाही. ती मागे फुगते, ओढे उलटे वाहू लागतात, आणि नदी जिकडे नाही त्या बाजूने गावात पाणी येते. इथले लोक याला फुगवटा म्हणतात. नकाशावर नदीपासून लांब असलेले घर आधी बुडते आणि घाटाजवळचे उंचावरचे कोरडे राहते, याचे कारण हेच. नदीपासूनचे अंतर इथे फसवे असते. उंची पाहावी लागते.

चिपळूणला जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी रातोरात बाजारपेठेत घुसले. तिथे आधी जीव वाचवायचा होता. शिरोळची तऱ्हा निराळी. पाणी सावकाश चढते, सांगून येते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, कृष्णेची सांगलीच्या आयर्विन पुलावरची ४० आणि ४५ फूट, हे आकडे या भागात क्रिकेटच्या धावसंख्येसारखे फिरतात. कोयनेतून किती हजार क्युसेक सोडले, राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, याची खबर पाण्याच्या आधी पोचते. (राधानगरीचे हे दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, दार केव्हा उघडायचे यावरून भांडायला तिथे अधिकारीच नाही, ही त्यातली गंमत.) म्हणजे जनावरे माळाला नेता येतात, धान्याची पोती माडीवर चढवता येतात, सिलिंडर दाव्याने बांधून ठेवता येतो.

पण सावकाश चढणारे पाणी सावकाशच उतरते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर, आणि पूरपट्ट्यातली अनेक घरे आठवडाभर पाण्यात उभी होती. घराची खरी हानी या उभे राहण्यात असते. पांढऱ्या मातीची भिंत पाण्यात असताना दोन्ही बाजूंच्या दाबाने कशीबशी तग धरते. पाणी ओसरले की आतून भिजलेली माती स्वतःच्याच वजनाने बसते, आणि लोक घर झाडायला परतल्यावर भिंत कोसळते. विटा-सिमेंटचे घर पडत नाही, पण काळी जमीन भिजून फुगते, वाळून आक्रसते, आणि दिवाळीच्या सुमाराला चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. प्लायवूडची कपाटे फुगून त्यांची दारे लागत नाहीत. रिकामा फ्रिज तरंगतो आणि पाणी उतरताना जिथे अडकेल तिथे आडवा होतो. ही सगळी हानी पूर ‘संपल्यावर’ दिसते, आणि पुढे पंचनामा आणि विमा या दोन्हींचा घोळ इथूनच सुरू होतो.

शंभर वर्षांतून एकदा, म्हणजे केव्हा?

नदीकाठाचा धोका सरकारने अजिबात मोजलेला नाही, असे म्हणता येणार नाही. जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्र ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधायचेच तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर असावे, असे राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. जिथे या रेषा आखल्या आहेत तिथे त्या शहराच्या नकाशावर ठळक दिसतात. खेड्यातल्या जुन्या गावठाणात मात्र घरे रेषेच्या कितीतरी आधीची असतात, आणि रेषा डोक्यावरून गेली तरी घराच्या कागदात एक अक्षर बदलत नाही.

त्यातही ‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोग माणसाला गाफील ठेवणारा आहे. २००५ चा पूर पाहिलेल्यांना वाटले, आता आपल्या हयातीत नाही. चौदा वर्षांनी त्याहून मोठा आला आणि आणखी दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, राजाराम बंधाऱ्यावरची पातळी २०१९ लाही मागे टाकून ५६ फुटांच्या आसपास गेली. लाल रेषेचा अर्थ एवढाच, की ती पातळी कोणत्याही एका वर्षी गाठली जाण्याची शक्यता १ टक्का. नदीला मागच्या वर्षीचे स्मरण नसते. हीच १ टक्का शक्यता तीस वर्षांच्या हिशेबात घेतली तर निदान एकदा तरी पाणी तिथवर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. निळ्या रेषेवरच्या घराला वर्षाला ४ टक्के. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती ५६ टक्क्यांवर जाते. म्हणजे कर्ज फिटण्याआधी घरात पाणी येईल याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त. हे हिशेबही मागच्या पावसावर बेतलेले आहेत, आणि पाऊस आता थोड्या दिवसांत खूप पडतो. ज्यांनी पूर हा शब्द कोल्हापूर-सांगलीच्या बातम्यांत वाचला होता त्या माढा, मोहोळ, परांड्याच्या लोकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी घराघरांत शिरलेली पाहिली. ‘आमच्याकडे पूर येत नाही’ या वाक्याला आता कोणत्याच जिल्ह्यात फारसा आधार उरलेला नाही.

सहा हजार पाचशे रुपये

विम्याचे नाव काढले की पहिला प्रतिप्रश्न येतो: सरकार देते की! देते, आणि द्यायलाच हवे. पण किती देते, हे कागदावर पाहावे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. निदान पंधरा टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,०००. गोठ्याला ३,०००. कपडे वाहून गेले तर कुटुंबाला २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. मोठा पूर आला की राज्य सरकार यावर वाढीव पॅकेज जाहीर करते: २०१९ मध्ये ग्रामीण कुटुंबाला १० हजार आणि शहरी कुटुंबाला १५ हजार, २०२१ मध्ये १० हजार सानुग्रह. त्या वेळी या रकमांनी चुली पेटल्या, हे खरे आहे आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

मात्र त्या मदतीचा हिशेब घराच्या हानीशी जोडलेलाच नाही. शिरोळमध्ये बहुतेक पक्की घरे पूर्ण पडत नाहीत. भिजतात, चिरतात, आतून वाया जातात. म्हणजे ती ‘अंशतः’ या रकान्यात जातात. पंचनाम्याला आलेल्या तलाठी-ग्रामसेवकाच्या हातात रकानेच तेवढे असतात, त्याला तरी दोष काय द्यावा? गावात शेकडो घरे, चिखल गुडघाभर, वरून यादी लवकर पाठवा म्हणून फोनवर फोन. दारात उभे राहून तो आत पाहतो, मोबाइलवर फोटो काढतो, पंधरा टक्के आहे की नाही ते नजरेने ठरवतो. फुगलेले कपाट, जळालेली मोटार, वास मारणारे धान्य, शिलाई मशीन यांना रकाना नाही. आणि ज्या महिन्यात भेग पडते त्या महिन्यात पंचनामे कधीच संपलेले असतात. दोन माणसांची आतबाहेर सारखीच दिसणारी घरे, एकाचे जोते तीन फूट वर म्हणून वाचलेले, दुसऱ्याचे खिडकीपर्यंत बुडालेले; सानुग्रहाच्या यादीत मात्र दोन्ही घरे एकाच ओळीत, एकाच रकमेने. ज्याने पदरमोड करून जोते उंच घेतले त्याला त्याचे श्रेय कुठेच नाही.

पॉलिसीच्या आत

अमेरिकेत नेहमीच्या गृहविम्यात पूर मोडत नाही. तिथे पुराचा विमा निराळा, बहुतेकदा सरकारी कार्यक्रमातून, घ्यावा लागतो. आपल्याकडे उलट आहे आणि ते आपल्या सोयीचे आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारख्या मजकुराची पॉलिसी आणली. कंपनी कोणतीही असो, गाभा तोच. आग, भूकंप, वादळ, दरड यांच्याबरोबर पूर आणि पाणी साचणे हे तिच्यात मुळातच धरलेले आहे. वेगळे मागावे लागत नाही. घराचा विमा काढला की घरातल्या सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. ढिगारा हटवणे, घर राहण्याजोगे होईपर्यंत दुसरीकडे भाड्याने राहणे यांचाही त्यात विचार आहे. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि विम्याची रक्कम वर्षाला १० टक्के दराने वाढत जाते, म्हणजे सिमेंट-सळईच्या भाववाढीची थोडी सोय.

रक्कम ठरवताना लोकांची गल्लत होते. घराची किंमत म्हटले की जागेसकट आकडा डोळ्यांसमोर येतो. विम्यात जागा नाही. पुन्हा बांधायला काय खर्च येईल तेवढाच. समजा सहाशे चौरस फुटांचे घर आणि आजचा बांधकामाचा दर चौरस फुटाला अठराशे रुपये धरला, तर विम्याची रक्कम १० लाख ८० हजार. सामानाचे आपोआप मिळणारे संरक्षण २ लाख १६ हजार. वर्षाचा हप्ता, घराचा प्रकार आणि कंपनीनुसार, साधारणतः काही शे रुपयांपासून हजाराच्या घरापर्यंत. शेजारी ६,५०० रुपयांचा सरकारी रकाना ठेवून पाहिला की विषय पुरेसा स्पष्ट होतो. आधी एक जाचक अटही होती: निम्म्या रकमेचाच विमा काढला असेल तर झालेल्या नुकसानीचीही निम्मीच भरपाई. नव्या पॉलिसीत ती कात्री काढून टाकली आहे.

तरीही दारातल्या मोटारसायकलीचा विमा असतो आणि घराचा नसतो, कारण मोटारसायकलीचा कायद्याने सक्तीचा आहे. कर्ज काढून घर बांधलेले पुष्कळ जण ‘बँकेने विमा काढलाय’ म्हणून निर्धास्त असतात. तो बरेचदा कर्जदाराच्या जिवाचा विमा निघतो. घर बुडाले तर त्याचा काही उपयोग नाही. घराचा असला तरी तो कर्जाच्या रकमेपुरता असू शकतो, आणि पॉलिसीचा कागद बँकेच्या फायलीत.

‘कंपन्या पैसे देत नाहीत’

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो अनुभवातून आलेला आहे. गावाला विमा म्हणजे पीकविमा ठाऊक. त्यात ७२ तासांत तक्रार, मंडळाचे सरासरी उत्पन्न, उंबरठा उत्पन्न, आणि शेवटी खात्यावर आलेले हास्यास्पद आकडे. शिरोळच्या ऊसवाल्याला तर तोही नाही, कारण ऊस राज्याच्या पंतप्रधान पीकविमा योजनेतल्या पिकांत बसत नाही. या अनुभवावर घराच्या विम्याची पारख करणे साहजिक आहे, पण दोन्हींची घडण वेगळी. पीकविम्यात बहुतांशी मंडळाची सरासरी चालते. घराच्या विम्यात तुमचे घर, तुमचे नुकसान आणि तुमच्या दारात आलेला सर्व्हेअर. सरासरीच्या नावाने डावलले जाण्याची भीती इथे नाही. भीती दुसरी आहे: पुरावा.

सर्व्हेअर येतो तोवर लोकांनी घर धुऊन काढलेले असते, भिजलेल्या गाद्या उकिरड्यावर टाकलेल्या असतात. ते करावेच लागते, रोगराई टाळायची तर. म्हणून फेकण्याआधी फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा टेप लावून काढलेला फोटो, आणि कंपनीला ताबडतोब कळवल्याची नोंद, या तीन गोष्टींवर दाव्याचे निम्मे भवितव्य ठरते. दाव्याचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून तीस दिवसांत द्यायचा असतो. उशिरा दिसणाऱ्या भेगांबद्दल वाद होतात, कारण पॉलिसीत हळूहळू होणारी झीज आणि मुरणारे पाणी धरलेले नाही. ही भेग पुराची की जुनीच, हे सर्व्हेअरला पटवावे लागते. पुराआधीचा भिंतीचा एक फोटो तिथे कामाला येतो. कंपनीने दावा नाकारला किंवा कापला तर विमा लोकपालाकडे जाता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. पश्चिम महाराष्ट्रासाठी कार्यालय पुण्यात आहे. कंपन्या साधू आहेत असे कुणी म्हणणार नाही. पण न काढलेल्या विम्याचा दावा शंभर टक्के नामंजूर होतो, हे त्यांच्या विरोधकांनीही लक्षात घ्यावे.

कागदाचा अडथळा मात्र खरा आहे. गावठाणातले घर आजोबांच्या नावावर, वाटणी तोंडी, नमुना आठला नाव एका भावाचे आणि राहतो दुसरा. घरात ज्याचा हितसंबंध सिद्ध होत नाही त्याला कंपनी पैसे देत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम २०२० पासून सुरू झाले, त्याने हा गुंता काही प्रमाणात सुटेल; ज्या गावांत सनदा आल्या आहेत तिथल्या लोकांनी त्या केवळ कर्जासाठी आहेत असे समजू नये. आणि गवत, बांबू, ताडपत्रीच्या घरांना हे विम्याचे दार किलकिलेच राहणार. त्यांच्यासाठी सरकारी मदत हाच आधार आहे, आणि ती वाढायला हवी. विमा आला म्हणून मदत आटवण्याचा मोह उद्या कुणा अर्थखात्याला झाला तर त्याला आजच विरोध नोंदवून ठेवलेला बरा.

अलमट्टी आणि जोते

तिसरा आक्षेप राजकीय आहे: पूर हा मानवनिर्मित आहे, धरणाचे दरवाजे वेळेवर उघडा, खालच्या अलमट्टी धरणाची उंची वाढू देऊ नका, मग विम्याची गरजच काय? अलमट्टीची पाणी साठवण्याची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याच्या कर्नाटकच्या बेताला या भागाचा विरोध समजण्यासारखा आहे. ज्याच्या उंबऱ्याला एक फूट कमी-जास्त होण्याने संसार बुडतो तो खालच्या धरणाकडे संशयानेच पाहणार. पण २०१९ च्या पुराचा अभ्यास करण्यासाठी राज्याने नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. अतिवृष्टी आणि नदीच्या पूरक्षेत्रातली अतिक्रमणे यांकडे बोट दाखवले. समितीचे सगळे मान्य करा वा करू नका, दरवाजांचा वाद आंतरराज्य बैठकांत आणि लवादांपुढे वर्षानुवर्षे चालेल. त्यात घरमालकाचा आवाज मोर्चापुरता. जोत्याची उंची आणि घराचा कागद या दोन गोष्टी मात्र त्याच्या हातात आहेत. एकासाठी लढताना दुसरे सोडून द्यावे, याला काही तर्क नाही.

चौथा आक्षेप अभ्यासकांचा: विमा दिला की लोक धोक्याच्या जागीच राहतील. याला अमेरिकेत भक्कम पुरावा आहे. तिथला राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रम १९६८ साली सुरू झाला. धोक्याच्या क्षेत्रात सरकारी हमीचे कर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा झाला, ग्रामीण परगण्यांनाही नकाशे आणि बांधकामाचे नियम स्वीकारावे लागले. पण हप्ते कित्येक वर्षे धोक्यापेक्षा स्वस्त ठेवले गेले, तीच घरे पुन्हा पुन्हा बुडाली, पुन्हा पुन्हा बांधली गेली. २०१७ साली तिथल्या संसदेने या कार्यक्रमाचे १६ अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले, तरी तो कर्जातच आहे. २०२१ पासून तिथे प्रत्येक घराचा धोका वेगळा मोजून हप्ता लावणे सुरू झाले, आणि अनेकांचे हप्ते वाढले.

आपल्याकडे ही अडचण येऊन ठेपायची आहे. किरकोळ गृहविम्याच्या अर्जात पिनकोड, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय विचारले जाते. जोते किती उंच, हे क्वचितच. त्यामुळे माळावरचे घर आणि मळीलगतचे घर यांच्या हप्त्यात आज फारसे अंतर नाही. पूरपट्ट्यातल्या घरमालकाला हा सौदा स्वस्तात पडतो, पण तो कायम राहणार नाही. फक्त बुडणारेच विमा काढू लागले, की कंपन्या एक तर हप्ता चढवतील किंवा ठरावीक पिनकोडना हळूच नकार देऊ लागतील. त्या वेळी ‘शिरोळ’ या नावाची शिक्षा तीन फूट उंच जोत्यावरच्या घरालाही होईल, कारण त्याची उंची कुठेच लिहिलेली नसेल. (अर्जात पूर्वी पाणी आले होते का असे विचारले असेल तर खरेच सांगावे, लपवलेली गोष्ट पुढे दाव्याच्या वेळी कंपनीच्या कामी येते.)

म्हणून ती उंची कागदावर आली पाहिजे. ग्रामपंचायतीने नमुना आठमध्ये एक रकाना वाढवावा: जोत्याची पातळी आणि २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची पातळी. गावठाण मोजले गेलेच आहे, पाण्याच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. जागेचे भाव पडतील ही ओरड होईल. पडतील, काही जागांचे. पण ज्या जागेत पाणी येते तिचा भाव ते लपवून टिकवायचा, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला बुडवायचा, आणि तो खरेदीदार बहुधा बाहेरून आलेला शिक्षक किंवा कारखान्यातला कामगार असतो. उलट उंची नोंदली तर जोते उंचावणाऱ्याला हप्त्यात सवलत मागता येईल, बँकेला अट घालता येईल, आणि सरकारला कोणत्या वस्तीचे पुनर्वसन खरोखर गरजेचे आहे ते कळेल. करवीर तालुक्यातल्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाल्या. तरी जुने गाव सुटले नाही, कारण शेत, गोठा, नदी सगळे तिथे. हलणे हा घरमालकाचा निर्णय असतो, आणि तो घ्यायला त्याला खरा हिशेब हाताशी लागतो.

हप्ता गोळा करायला नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. या जिल्ह्यात दर दहा दिवसांनी दुधाचे बिल निघते, सोसायटी आणि साखर कारखान्याच्या बिलातून कपाती होतातच. दूध संस्थेने सभासदांच्या घरांसाठी एकत्रित पॉलिसी घेतली तर माळावरची घरेही त्यात येतील आणि केवळ बुडणाऱ्यांचाच गोतावळा होणार नाही. नागालँडसारख्या छोट्या राज्याने ठरावीक पाऊस पडला की थेट सरकारला रक्कम मिळेल असा विमा घेऊन पाहिला आहे; महाराष्ट्राला तेही अशक्य नाही. पण त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

पुढच्या मे महिन्यात, वळवाच्या पहिल्या सरी येण्याआधी, एवढे करता येईल. घरात विम्याची पॉलिसी असेल तर बँकेकडून तिची प्रत मागा, ती घराची आहे की जिवाची ते पाहा, इमारतीची आणि सामानाची रक्कम वेगवेगळी वाचा. नसेल तर चौरस फुटांवर बांधकामाचा खर्च काढून दोन कंपन्यांचे दर विचारा. प्रत्येक खोलीचे, भिंतींचे, कपाटे उघडी ठेवून फोटो काढा आणि ते परगावच्या नातलगाच्या फोनवर पाठवून ठेवा. नमुना आठवर नाव कोणाचे आहे ते बघा. आणि २०१९ च्या पाण्याची खूण रंगाच्या हाताखाली झाकली गेली असेल तर टेप लावून मोजा, जमिनीपासून किती फूट ते पॉलिसीच्या पाठीवर तारखेसह लिहून ठेवा.